गुडघे टेकणारी गाडी

दाभोसा म्हटलं की लोकांना धबधबा आठवतो. लेंडी नदी तिथे सुमारे ३०० फूट खाली झेपावते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई-नाशिकची माणसं ते बघायला येतात, भिजतात, भाजलेली कणसं खातात आणि जातात. मला मात्र दाभोसा म्हटलं की एका पिकअपचा मागचा फाळका आठवतो. तो जमिनीपासून चार फुटांवर आहे. ज्या आजींना त्यावरून हौद्यात चढायचं असतं, त्या पावणेपाच फूट आहेत. वर उरलेल्या नऊ इंचांत त्यांचं कपाळ आणि डोळे येतात. त्या डोळ्यांत नातवाबद्दल जे काही दिसायचं, ते बघूनच मी या उद्योगात पडलो.

नातू माझा जुना विद्यार्थी. जव्हार तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी ३१ वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं. पोरगा गणितात बरा होता, पण बेरजेतच. वजाबाकी त्याला कधी मनापासून पटली नाही. आता तो पिकअप चालवतो. भाताच्या दिवसांत भात, मग नागली-वरई, उन्हाळ्यात दादरच्या बाजारासाठी पहाटेच्या अंधारात मोगऱ्याच्या कळ्या; आणि दिवाळी झाली की वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघालेली बिऱ्हाडं, भांडी, पोरं आणि पाय बांधलेल्या कोंबड्यांसकट.

गाडी त्यानं जुनी घेतली, नाशिककडच्या एका हौशी माणसाकडून. त्या माणसाला गाडी डोंगरात न्यायची होती, म्हणून त्यानं ती 'लिफ्ट' करून घेतलेली. म्हणजे बॉडीखाली ठोकळे, मागच्या पाट्यांत दोन जादा पाटे, लांब शॅकल आणि ट्रॅक्टरला शोभावेत असे टायर. पुढे त्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि डोंगर राहून गेला. गाडी आमच्या डोंगरात आली.

लिफ्ट केलेली गाडी लांबून रुबाबदार दिसते. जवळ गेल्यावर हिशेब सुरू होतो. टायर मोठे झाल्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलतो, काटा चाळीसवर आणि गाडी पंचेचाळीसला. हेडलाइटचा झोत वर गेला. रात्री समोरचा खड्डा दिसत नाही, मोहाच्या शेंड्यावरची वटवाघळं मात्र एकेक मोजून घ्यावीत. आणि जादा पाट्यांमुळे रिकामी गाडी इतकी कडक, की जव्हार ते दाभोसा या वीसेक किलोमीटरमध्ये डॅशबोर्डच्या खणातले सुटे नट आपोआप घट्ट होतात आणि जिथे घट्ट असायला हवेत तिथले सुटतात.

पण खरी अडचण आजींची. त्यांना महिन्यातून एकदा पेन्शनसाठी आणि दोनदा बाजारासाठी जव्हारला जायचं असतं. केबिनमध्ये डिझेलच्या वासानं त्यांना गाडी लागते, म्हणून त्या मागेच उभ्या राहणार, दांडी धरून, वारा खात. (मालवाहू गाडीत माणसं बसवू नयेत हे मला माहीत आहे, मी नागरिकशास्त्रही शिकवलंय. त्यांच्या पाड्यावर एसटी किती वाजता येते, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात दिलेलं नाही.) आधी चौरंग आणला, तो दुसऱ्या खेपेला जव्हारलाच राहिला. मग बांबूची शिडी आणली. आजी म्हणाल्या, शिडी चढून माणूस माळ्यावर जातो, बाजाराला नाही. शेवटी दोन नातवांनी दोन्ही बगलांत हात घालून त्यांना उचललं. तेव्हा हवेत असतानाच त्या ओरडल्या, "मी काय नागलीचं पोतं आहे?"

त्याच आठवड्यात पोरानं मोबाइलवर मला एक चित्रफीत दाखवली. परदेशातली कुठलीशी गाडी, आमच्याहून उंच. मालकानं बटण दाबलं, फुस्स झालं आणि गाडी जागच्या जागी जमिनीला टेकली. दुसरं बटण दाबलं, गाडी उठली. चहाच्या टपरीवर आम्ही ती सात वेळा पाहिली. एअर सस्पेन्शन. पाट्यांच्या जागी रबरी फुगे, त्यांत हवा. हवा भरा, गाडी वर. सोडा, खाली. नदीतून जायचंय, वर. आजी चढायच्यात, खाली.

"गुरुजी, हिशेब तुम्ही करून द्या," पोरगा म्हणाला.

चित्रफीत आजींनाही दाखवली. त्यांनी नीट बघितली. "बैल बसतो तशी बसली," म्हणाल्या. मग विचारलं, "उठते ना परत? आमचा एक बसला, तो उठलाच नाही."

निवृत्त शिक्षकाला हिशेब करून द्या म्हणणं म्हणजे वाळलेल्या गवताला काडी दाखवणं. मी २०० पानी वही आणली. पहिल्या पानावर 'श्री', खाली 'हवेची गाडी', आणि त्याखाली दोन रेघा, एक लाल आणि एक निळी.

सुरुवात बॉइलपासून केली, कारण मला दुसरीकडून करता येत नाही. रॉबर्ट बॉइलनं हवेवरचं आपलं पुस्तक १६६० साली काढलं, त्याच्या नावातच 'हवेची स्प्रिंग' असे शब्द आहेत. १६६२ च्या आवृत्तीत दाब आणि आकारमान यांचा नियम आला. हवा दाबली की ती उलट दाबते, आणि जितकी दाबाल तितकी जास्त चिडते. आता १६६२ नंतर दोन वर्षांनी, १६६४ च्या सुरुवातीला, शिवाजी महाराज सुरतेच्या वाटेवर जव्हारजवळ शिरपामाळावर थांबले होते, असं इथे सांगतात. म्हणजे नियम तयार होता, रस्ता तयार होता, फक्त कुणी दोघांची गाठ घालून दिली नाही. हे मी पोराला सांगितलं. तो म्हणाला, "महाराजांची गाडी नव्हती ना, गुरुजी." घोड्याला पाटे लागत नाहीत हे खरं. घोड्यावर स्वाराचे गुडघे हेच सस्पेन्शन. गाडीला कमानदार पाटे लावायचं पेटंट १८०४ सालचं, लंडनच्या ओबाडाया एलियट नावाच्या गाडी बनवणाऱ्याचं. आणि टायरमध्ये हवा भरायची कल्पना वापरात आणली डनलॉपनं, १८८८ साली, पोराच्या तीनचाकीसाठी. तो पेशानं गुरांचा डॉक्टर होता. मला यातून फार धीर आला. गुरांच्या डॉक्टरला जमलं, तर गणिताच्या शिक्षकाला का जमू नये?

प्रयोगाशिवाय विज्ञान नाही, असं मी ३१ वर्षं सांगत आलो. अंगणात स्कूटरची जुनी ट्यूब आडवी टाकली, तिच्यावर पाट ठेवला आणि पाटावर मी उभा राहिलो. नातवाच्या धाकट्या भावानं पायपंपानं हवा भरायला घेतली. माझं वजन ७२ किलो, म्हणजे १६० पौंडांच्या आसपास. पाटाखाली ट्यूब टेकलेली जागा मी ४० चौरस इंच धरली. एकशेसाठ भागिले चाळीस, चार. चौरस इंचाला फक्त चार पौंड हवा पुरे. पंक्चरवाल्याच्या गेजचा काटा जेमतेम थरथरला, पण मी थरथरत दोन इंच वर गेलो. शेजारच्या ओट्यावर माणसं जमली. जमिनीपासून दोन इंच वर, केवळ हवेवर उभा राहून मी बॉइलचा नियम समजावून सांगत असताना ट्यूब पाटाखालून एका बाजूनं आंबोळीसारखी फुगून बाहेर आली आणि मी दुसऱ्या बाजूनं तुळशीवृंदावनात गेलो.

वहीत नोंद केली: 'फुगा भार उचलतो. फुग्याला जागेवर धरून ठेवणारं कुणीतरी हवं.' तेव्हा कल्पना नव्हती की सगळी गोष्ट या दुसऱ्या वाक्यात आहे.

गाडीचा हिशेब त्याच रीतीनं सोपा निघाला. सहा इंच व्यासाचा फुगा घेतला तर क्षेत्रफळ २८ चौरस इंच. त्यात ५० पौंड हवा भरली तर १४०० पौंड, म्हणजे ६३५ किलो एका फुग्यावर. दोन फुगे, साडेबारा क्विंटलच्या वर. पोराचे डोळे चमकले. त्यानं लगेच मनातल्या मनात बारा क्विंटल भात भरून टाकला.

ही वही घेऊन आम्ही जव्हारच्या एका फिटरकडे गेलो. तो मितभाषी आहे, कारण त्याच्या तोंडात कायम एखादा बोल्ट असतो. त्यानं वही चाळली, बोल्ट काढला आणि म्हणाला, "पाटा काय काम करतो?"

"भार पेलतो," मी म्हणालो.

"आणि?"

मला आठवलं, हा प्रश्न मी पोरांना असाच विचारायचो आणि ती अशीच जमिनीकडे बघायची.

"पाटा म्हणजे सून आहे, गुरुजी. भार पेलते ते सगळ्यांना दिसतं. पण घर जागेवर धरून ठेवते तीच. मागचा अ‍ॅक्सल पुढे जायचा नाही, मागे जायचा नाही, आडवा सरकायचा नाही, ब्रेक मारला तर फिरायचा नाही, हे सगळं पाटा बघतो. तुम्ही त्याला काढून फुगा घालणार. फुगा फक्त फुगतो."

हे मी घरी येऊन सांगितलं. बायको म्हणाली, "फिटर शहाणा आहे. पत्ता देऊन ठेवा."

तर फिटरच्या म्हणण्याप्रमाणे दोन वाटा होत्या. पहिली, पाटे तसेच ठेवायचे आणि जोडीला मदतनीस म्हणून फुगे बसवायचे. स्वस्त, सोपी, जड माल भरला की गाडीची मागची बाजू खाली बसत नाही. पण यात गाडी वर उचलली जाते, पाट्याच्या मूळ उंचीच्या खाली येत नाही. म्हणजे भात खूश, आजी तिथेच. दुसरी वाट, पाटे काढायचे, फक्त फुगे. मग गाडी बसते. पण पाट्यांचं दुसरं काम करायला अ‍ॅक्सल आणि चासीच्या मध्ये चार दांडे बसवायचे, त्यांना बुश, बुशांना कंस, कंसांना चासीवर वेल्डिंग.

पोरगा म्हणाला, "दुसरी."

इथून वहीचा वेग वाढला. चार दांडे आले म्हणून चासीला मजबुती आली. गाडी खालीवर होणार म्हणून शॉकअप वेगळे. प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलणार म्हणून क्रॉस लवकर जाणार, म्हणून जादा क्रॉस. ब्रेकची नळी लांब. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर, तो सारखा चालला तर तापतो, म्हणून हवेची टाकी. हवेत वाफ असते, टाकीत तिचं पाणी होतं, आणि आमच्या पावसाळ्यात हवा कुठली आणि पाणी कुठलं हे माशालाही सांगता येणार नाही, म्हणून पाणी सोडायची चावी. दोन्ही फुग्यांना एकच नळी जोडली तर वळणावर भार पडलेल्या फुग्यातली हवा पळून बिनभाराच्या फुग्यात जाते आणि गाडी आणखी कलते, म्हणून दोन वेगळ्या नळ्या, दोन वेगळे व्हॉल्व्ह, डॅशबोर्डवर दोन काटे. भार पडला की पळून बिनभाराच्या बाजूला जमणाऱ्यांची मला चांगली ओळख आहे. जनगणनेचं काम आलं की आमची स्टाफरूम अशीच एका बाजूला कलायची. शेवटी एक ओळ पोरानं स्वतः लिहिली: 'उंदीर.' रबरी नळी आणि आमच्याकडचे उंदीर, यावर फिटरकडेही उत्तर नव्हतं.

बेरीज केली. गाडीच्या किमतीच्या निम्मी झाली. पोराला बेरीज आवडते, त्यामुळे तो खचला नाही.

मग मी कायदा काढला. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. नोंदणीच्या कागदात जे लिहिलंय आणि कंपनीनं जसं बनवलंय, त्यापासून गाडी वेगळी करायची नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं यावर दंड बसला, दर बदलामागे पाच हजार रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' या शब्दांवर मी थबकलो. दोन फुगे, चार दांडे, कॉम्प्रेसर, टाकी, आणि पूर्वीच्या हौशी मालकाचे टायर-ठोकळे धरून मी मोजायला लागलो आणि सातव्या बदलाला वही मिटली. गाडी बसेल की नाही माहीत नाही, आम्ही बसणार हे दिसत होतं.

तरी माझा स्वतःचा मोह सुटेना. अमेरिकेत कॅडिलॅकनं १९५७ साली आपल्या सर्वांत महागड्या गाडीला हवेचे फुगे लावले होते, हे मी वाचलं होतं. हवा गळायची, सकाळी गाडी अंगणात बसलेली सापडायची. शेवटी अनेक मालकांनी फुगे काढून साध्या स्प्रिंगा घातल्या. हे मी आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, बैल."

पण हवेवर चालणारी एक गोष्ट रोज आपल्या डोळ्यांसमोर धावते. मुंबईच्या लोकलला एअर स्प्रिंग असतात. डबा रिकामा असो की विरारच्या गर्दीनं फुटायच्या बेताला आलेला असो, फुग्यातली हवा कमी-जास्त होते आणि डब्याची उंची बदलत नाही, दार फलाटाच्या पातळीला राहतं. पोरानं डहाणू लोकलनं अनेकदा प्रवास केलाय, त्याला हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे गुरुजी, त्यांनी गाडी फलाटाएवढी ठेवली. खाली बसवली नाही." मी हो म्हटलं आणि पुढच्या विषयाकडे गेलो. वर्गात सर्वांत हुशार उत्तर येतं तेव्हा शिक्षक बहुधा पुढच्या विषयाकडे गेलेला असतो.

उंची बदलणारं एक वाहन आमच्याकडे आधीपासून आहे, त्याचं नाव डोली. जव्हार-मोखाड्यातल्या रस्ता नसलेल्या पाड्यांवरून आजारी माणसाला, अडलेल्या बाईला अजून तशीच आणतात. मध्ये बांबू, बांबूला झोळी, दोन टोकांना दोन खांदे. चढावर मागचा माणूस बांबू उचलून धरतो, उतारावर पुढचा. झोळी सपाट राहते. काटे नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत, कलम ५२ नाही. वहीत मी याला पान दिलं नाही. लिहायला घेतलं होतं, पण बेरीज कशाची मांडायची ते कळेना.

आषाढ लागला. फिटरनं एक दिवस न विचारताच गाडी जॅकवर घेतली आणि हौशी मालकानं घातलेले दोन जादा पाटे काढून टाकले. रिकाम्या गाडीला मागच्या टायरांत दहा पौंड हवा कमी ठेवायला सांगितलं. गाडी दीड इंच उतरली आणि एकदम माणसाळली. खणातले नट गप्प झाले. "हे काय केलं?" पोरानं विचारलं. "वजाबाकी," फिटर म्हणाला आणि बोल्ट तोंडात घातला. माझ्या ३१ वर्षांच्या नोकरीत त्याच्या गळी न उतरलेली गोष्ट फिटरनं पाऊण तासात उतरवली, वर मजुरी घेतली.

पण दीड इंचानं आजींचा प्रश्न सुटत नव्हता. पेन्शनचा दिवस होता. मी वही आणि मोजपट्टी घेऊन सकाळीच दाभोशाला पोचलो, शेवटची मापं घ्यायला. पाऊस धरून होता. घर उतारावर. ओटा वरच्या अंगाला, गाडीवाट खालच्या अंगाला, मध्ये कातळाची पायरी. आजी ओट्यावर छत्री घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं आणि नातवाला हाक मारली, "गाडी मागे घे. आणखी घे. अजून घे. थांब." फाळका ओट्याला टेकला. "पाड." पोरानं साखळ्या काढल्या, फाळका ओट्यावर आडवा पडला आणि आजी छत्री न मिटता, आपल्याच घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तशा हौद्यात चालत गेल्या.

मी मोजलं. ओटा तीन फूट साडेदहा इंच. फाळका तीन फूट साडेदहा इंच. वहीत लिहिलं: 'फरक ०.' पोरगा म्हणाला, "फलाट."

"पण जव्हारला उतरणार कसं?" मी विचारलं. मागे बसलो होतो मीही, दांडी धरून.

"तिथे गेल्यावर बघू," आजी म्हणाल्या. घाटात वारा होता, त्या खूश होत्या.

जव्हारला ओटा मिळेना. एसटी स्टँडचा कठडा बुटका निघाला. शाळेची भिंत उंच. एका दुकानदाराची पायरी बरोबर होती, पण त्यावर कोबी मांडलेला. बाजारातून दोन फेऱ्या मारल्या. माणसं विचारायला लागली, काय विकायला आणलंय. शेवटी पोरानं गाडी धान्याच्या एका गोदामाकडे वळवली. ट्रकमधून पोती उतरवायला तिथे सिमेंटचा फलाट आहे. दोन ट्रकांच्या मध्ये त्यानं गाडी मागे घेतली, आजी "घे, घे" करत होत्या, आणि फाळका बरोबर फलाटावर पडला.

आजी बाहेर आल्या. छत्री मिटली. समोर आकडा खांद्याला लावून एक हमाल बिडी ओढत बसला होता. त्यानं आजींकडे बघितलं, मागून वही घेऊन उतरणाऱ्या माझ्याकडे बघितलं आणि आत हौद्यात डोकावलं.

"किती पोती?" त्यानं विचारलं.

"एकच," आजी म्हणाल्या. "हात लावू नकोस."